एक स्तंभ कमी आहे

चि. सायली हिस,


तू पाठवलेला आलेख पाहिला. इंटरफेरॉन-बीटाचा तो उंच स्तंभ पाहून तुला झालेला आनंद दोन ओळींच्या मेलमधूनही कळला. पहिल्याच वर्षात हाताला काहीतरी लागलं की असं होणारच. पण आलेखाखाली तू जे वाक्य लिहिलं आहेस, 'आमचं प्लाझ्मिड मॅक्रोफेजना उत्तेजित करतं', ते मला मान्य नाही. आलेखात दोनच स्तंभ आहेत. एक काहीही न घातलेल्या पेशींचा, दुसरा लिपोफेक्टामिन या लिपिडमधून प्लाझ्मिड दिलेल्या पेशींचा. नुसतं लिपिड दिलेल्या पेशी कुठे गेल्या? लिपिडशिवाय नुसतं प्लाझ्मिड दिलेल्या कुठे आहेत? लॅब मीटिंगमध्ये कोणीतरी हे विचारणारच, तर आधी मावशीकडून ऐकून घे.

लिपिड म्हणजे डीएनए पेशीत नेऊन सोडायचं साधन, त्यापलीकडे त्याचा काही संबंध नाही, ही समजूत तुझ्या एकटीची नाही. किटच्या डब्यातल्या माहितीपत्रकापासून छापलेल्या पेपरांच्या पद्धतीच्या भागापर्यंत सगळीकडे लिपिडला एका ओळीत उरकलेलं असतं. याला इतिहास आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियात सिंटेक्स या औषध कंपनीत फिलिप फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉटमा नावाचं धनभारित लिपिड वापरून डीएनए पेशींत घालायची रीत प्रसिद्ध केली आणि तिला लायपोफेक्शन हे नाव दिलं. डीएनएवर ऋणभार, पेशीच्या पटलावरही ऋणभार, त्यामुळे दोघांचं जमत नाही. मध्ये धनभारित लिपिड आलं की जमतं. त्यांना जनुक आत न्यायचं होतं, आणि ते गेलं. पेशीला या पाहुण्याबद्दल काय वाटतं, हे विचारायचं त्यांना काही कारण नव्हतं.

ते विचारणारी माणसं वेगळीच होती. जपानमध्ये तोकुनागा यांच्या गटाने १९८४ साली बीसीजीच्या जंतूंमधून काढलेला डीएनएचा अंश उंदरांमधल्या गाठींना रोखतो असं दाखवलं. १९९५ मध्ये आयोवात आर्थर क्रीग यांनी त्यामागचं कारण नेमकं केलं: जीवाणूंच्या डीएनएत मिथाइल न लागलेल्या सीपीजी जोड्या भरपूर असतात, आपल्या डीएनएत त्या कमी आणि बहुतेक मिथाइल लागलेल्या. २००० साली ओसाकात शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने ती जोडी ओळखणारा रिसेप्टर शोधला, टीएलआर-९. झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. परका डीएनए त्याच्या अक्षरांवरून ओळखला जातो, असं पाठ्यपुस्तकात बसलं. तूही एम.एस्सी.ला तेच लिहून मार्क मिळवले असशील.

मग २००६ आलं. येलमध्ये स्टेटसन आणि मेझितोव्ह यांनी ४५ जोड्यांचा एक साधा दुपदरी डीएनए घेतला. त्यात सीपीजी नव्हतं. तो लिपिडमधून पेशींच्या आत घातला, आणि इंटरफेरॉन भडाभडा निघालं. टीएलआरची वाट बंद असलेल्या पेशींतही निघालं. त्याच वर्षी इशी आणि अकिरा यांनाही तेच दिसलं. अक्षरांचा काही संबंध नाही, दुपदरी असणं पुरेसं. त्या कामात लिपिड काय करत होतं ते नीट बघ. तोच डीएनए लिपिडशिवाय माध्यमात ओतला तर पेशी ढिम्म राहतात. पुढे २००८ मध्ये ग्लेन बार्बर यांच्याकडून स्टिंग आणि २०१३ मध्ये डॅलसमध्ये जेम्स चेन यांच्याकडून सीगॅस हे दोन दुवे सापडले. मोकळ्या पेशीद्रवात दुपदरी डीएनए दिसला की सीगॅस त्याला चिकटतो, सीगॅम्प नावाचा छोटा रेणू बनवतो, तो स्टिंगला जागा करतो आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं.

आजोळच्या वाड्याची आठवण असेल तर हे चटकन कळेल. अनोळखी माणूस ओसरीवर बसलेला असेल तर घरातलं कोणीतरी आधी त्याचा चेहरा निरखतं, नाव-गाव विचारतं, मग ठरवतं. तोच माणूस थेट माजघरात उभा दिसला तर नाव-गाव कोणी विचारत नाही, ओरडाच होतो. एंडोसोम ही ओसरी. तिथे टीएलआर-९ अक्षरं वाचतो. पेशीद्रव हे माजघर. तिथे सीगॅस अक्षरं वाचत बसत नाही. आणि डीएनए ओसरीवर थांबणार की माजघरात शिरणार, किती वेळ थांबणार, हे बऱ्याच अंशी लिपिड ठरवतं.

'किती वेळ' हे मी उगीच लिहिलेलं नाही. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग त्यावरच आहे, आणि तू तो मूळ पेपरात वाचावास असं फार वाटतं. २००५, तोक्योतली तानिगुची यांची प्रयोगशाळा, पहिलं नाव होंडा. कोडं असं होतं: सीपीजी-ए प्रकारचा डीएनए प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींना दिला की त्या इंटरफेरॉन-आल्फा प्रचंड प्रमाणात सोडतात. तोच डीएनए साध्या डेंड्रिटिक पेशींना दिला तर जवळजवळ काहीच नाही. टीएलआर-९ दोघींकडे आहे. मग फरक कुठला? त्यांनी डीएनएला रंग लावून तो कुठे जातो ते पाहिलं. प्लाझ्मासायटॉइड पेशींत तो एंडोसोममध्ये बराच काळ रेंगाळतो, आणि तिथेच मायडी-८८ व आयआरएफ-७ या प्रथिनांची जोडी त्याच्यापाशी बसून इंटरफेरॉनचा निरोप पाठवत राहते. साध्या डेंड्रिटिक पेशींत तो लगबगीने लायसोसोममध्ये ढकलला जातो आणि निरोप अर्धवट राहतो. इथवर हे निरीक्षणच. खरी गंमत पुढे आहे. त्यांनी तोच डीएनए डॉटॅप नावाच्या धनभारित लिपिडमध्ये गुंडाळून साध्या डेंड्रिटिक पेशींना दिला. आता तो त्यांच्याही एंडोसोममध्ये रेंगाळला, आणि त्या पेशींनीही इंटरफेरॉन सोडलं.

डीएनए तोच, पेशी त्याच, रिसेप्टर तोच. बदललं फक्त वेष्टन, आणि उत्तर उलटं झालं. हा पेपर वाचल्यावर 'आमचं प्लाझ्मिड उत्तेजित करतं' असं वाक्य लिहिताना हात अडखळला पाहिजे.

याच्या पाठोपाठ एक जरा अस्वस्थ करणारी गोष्टही कळली. डॉटॅपमध्ये गुंडाळलेला डीएनए पृष्ठवंशीय प्राण्यांचा असला, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या जातीचा असला, तरी डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात. म्हणजे 'परका' हा शब्द आपण वापरतो तितका पक्का नाही. आपल्या मेलेल्या पेशींचा डीएनए शरीरात रोज मोकळा पडतो. तो एंडोसोमपर्यंत पोचण्याआधी तुकडे होऊन जातो म्हणून आपण बरे असतो. निसर्गातही कधी कधी हे वेष्टन चढतं. सोरायसिसच्या त्वचेत एलएल-३७ नावाचं धनभारित पेप्टाइड स्वतःच्याच डीएनएला धरून त्याचं असंच गाठोडं करतं आणि प्लाझ्मासायटॉइड पेशी इंटरफेरॉन सोडू लागतात. हे २००७ मध्ये लांदे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ते लिपिड नाही, पण काम तेच.

हे सगळं उंदरांच्या पेशींपुरतं असतं तर मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचं उदाहरण घे. फुप्फुसातलं सीएफटीआर जनुक बिघडलेलं असतं, म्हणून चांगलं जनुक प्लाझ्मिडवर घालून, जीएल-६७ या धनभारित लिपिडमध्ये बांधून, वाफाऱ्यासारखं नाकातोंडावाटे द्यायचं असे प्रयोग नव्वदीच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत झाले. औषध घेतल्यावर काही तासांत रुग्णांना फ्लूसारखी कणकण यायची, ताप, अंगदुखी. अमेरिकेतल्या गटाने २००१ मध्ये त्यावर स्वतंत्र पेपरच लिहिला, आणि त्यात ताप लिपिड-डीएनएच्या जोडीला लावला, कारण नुसतं लिपिड घेतलेल्या रुग्णांमध्ये तसं चित्र नव्हतं. बघ, माणसांवरच्या प्रयोगातसुद्धा त्यांनी नुसत्या लिपिडचा गट ठेवला होता. नसता ठेवला तर दोष लिपिडच्या माथी मारून लोक मोकळे झाले असते, आणि चुकीची वस्तू बदलत बसले असते.

ब्रिटिश गटाने पुढे बरोबर वस्तू बदलली. लिपिड त्याच जातीचं ठेवलं आणि प्लाझ्मिडमधून एकूण एक सीपीजी काढून टाकलं. जळजळ कमी झाली आणि जनुकही जास्त दिवस चालू राहिलं. त्या प्लाझ्मिडची वर्षभराची, महिन्यातून एकदा वाफारा देण्याची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या क्षमतेत उपचाराचा आणि खोट्या औषधाचा गट यांत ३.७ टक्क्यांचा फरक आला. फार नाही. पण रुग्ण वर्षभर तो उपचार घेऊ शकले, ही माझ्या मते त्या चाचणीची खरी कमाई. सीपीजी काढल्याने उपयोग झाला याचा अर्थ तिथे ओसरीवरची ओळख जास्त महत्त्वाची होती. तुझ्या पेशींत कुठली आहे, हे तुला शोधायचं आहे.

आता तुझ्या बाकाकडे येते.

पहिलं म्हणजे प्लाझ्मिड. तू ते ई. कोलायमधून काढलं आहेस, आणि साध्या किटने काढलं असशील तर त्यात एंडोटॉक्सिन येतंच. मॅक्रोफेजसाठी ते विषय संपवणारं असतं, कारण एंडोटॉक्सिन टीएलआर-४ वरून स्वतःच इंटरफेरॉन-बीटा काढायला लावतं. म्हणजे तुझा उंच स्तंभ डीएनएचा नसून ई. कोलायच्या आवरणाचा असू शकतो. त्यात लिपिड हे एंडोटॉक्सिनलाही आत नेतं, आणि उंदराच्या पेशींत पेशीद्रवातलं एंडोटॉक्सिन कॅस्पेज-११ ला चाळवतं. एंडोटॉक्सिनमुक्त किट महाग असतं हे मला माहीत आहे. सरांकडे मागून घे. आणि एक स्वस्त परीक्षा आहे: थोडं प्लाझ्मिड डीएनेज-१ ने आधी पचवून घे, जेलवर खात्री कर की काही उरलं नाही, मग तेच लिपिडमध्ये मिसळून पेशींना दे. स्तंभ तेवढाच उंच राहिला तर डीएनए निर्दोष आहे.

दुसरं, मिसळण्याची रीत. हे पेपरात कोणी लिहीत नाही आणि हातावर सगळं अवलंबून असतं. लिपिड एका नळीत, डीएनए दुसऱ्या नळीत, दोन्ही सीरमविरहित माध्यमात पातळ करून मगच एकत्र करायचं. पिपेटने दोन-तीनदा हलकेच वर-खाली, व्हॉर्टेक्स नाही. मग खोलीच्या तापमानाला ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं. नळी उजेडासमोर धरून बघ: पाणी किंचित धुरकट दिसलं तर ठीक. पांढरे कण तरंगताना दिसले तर तो घोळ पेशींवर टाकू नकोस. मोठे गोळे झालेत, ते मॅक्रोफेज वेगळ्या वाटेने गिळतील आणि तुझं उत्तर वेगळंच येईल. तू चहाला गेलीस आणि चाळीस मिनिटांनी आलीस तर कणांचा आकार बदललेला असतो. म्हणून रोज तेवढीच मिनिटं, तेच प्रमाण, तोच बॅच. लिपिडची बाटली बदलली की वहीत लॉट नंबर लिही.

तिसरं, रिकामं लिपिड. त्याला मी पुन्हा पुन्हा का धरून बसले आहे? कारण ते गप्प बसणारं नाही. डेन्मार्कमध्ये ऑर्हुसच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की पटलाशी विलीन होणारे लायपोसोम, आत कुठलंही न्यूक्लिक आम्ल नसताना, स्टिंगच्या वाटेने इंटरफेरॉन काढायला लावू शकतात. पटलाला धक्का लागणं हीच पेशीला बातमी असते. शिवाय धनभारित लिपिड जास्त झालं की पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी शेजारणींना चेतवतात. म्हणून प्रत्येक वेळी मृत पेशी मोज.

आणि तुझ्या पेशींबद्दल. लॅबमधला तुझा सीनियर म्हणाला की त्याच्या एचईके-२९३टी मध्ये असा काही त्रास होत नाही. होणार कसा? त्या पेशींत सीगॅस आणि स्टिंग मुळातच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या इतक्या सहज ट्रान्सफेक्ट होतात त्याचं एक कारण ते आहेच. तुझ्या रॉ २६४.७ पेशींत स्टिंग आहे, पण एएससी नावाचं प्रथिन नाही, त्यामुळे पेशीद्रवातला डीएनए ओळखणाऱ्या एआयएम-२ ची जळजळीची, म्हणजे आयएल-१-बीटा सोडण्याची, वाट तिथे दिसणारच नाही. 'आयएल-१-बीटा आलं नाही, म्हणजे ती वाट चालत नाही' असा निष्कर्ष त्या पेशींवरून काढू नकोस. हाडाच्या मगजातून वाढवलेले मॅक्रोफेज वापर. मात्र उंदरात जे दिसेल ते माणसात तसंच असेल असंही धरू नकोस. २०१७ मध्ये म्यूनिकच्या गटाने दाखवलं की माणसाच्या मोनोसाइटमध्ये जळजळीचं हे काम एआयएम-२ ऐवजी स्टिंगकडून, लायसोसोम फुटून होतं.

क्लोरोक्वीन टाकून टीएलआर-९ बंद करायची तुझी कल्पना चांगली आहे, पण जपून. तेच क्लोरोक्वीन एंडोसोम फुगवून डीएनएला बाहेर पडायला मदतही करतं. जुने लोक ट्रान्सफेक्शन वाढवायला ते मुद्दाम घालत. एका दगडात दोन पक्षी, आणि त्यातला एक तुला नको असलेला. सीगॅस किंवा स्टिंग नसलेल्या उंदरांच्या पेशी मिळाल्या तर उत्तर जास्त स्वच्छ मिळेल.

तू विचारलं होतंस की आरएनएच्या लसींनी एवढं यश मिळवलं, मग डीएनएचं गाडं का अडतं. त्या लसींतलं लिपिड जरा शहाणं आहे. रक्तात ते भाररहित असतं आणि एंडोसोमच्या आम्लात धनभारित होतं. तरीही आतला माल फार थोडा सुटतो. एसआयआरएनए या छोट्या आरएनएवर २०१३ मध्ये झालेल्या मोजणीत एक ते दोन टक्केच पेशीद्रवात पोचले होते. आरएनएचं काम तिथेच आहे. डीएनएला मात्र पुढे केंद्रकात जायचं असतं, आणि तोवर तो सीगॅसच्या समोर उघडा पडलेला असतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अशाच लिपिड कणांतून प्लाझ्मिड दिलं तेव्हा निरोगी उंदीर दगावले, आणि त्यामागे मुख्यतः स्टिंगच होतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला: त्याच कणांत नायट्रो-ओलेइक आम्ल घातलं. हे शरीरात असणारंच एक लिपिड, आणि ते स्टिंगला आवरतं. उंदीर जगले आणि जनुक जास्त दिवस चालू राहिलं. जे वाहक आजवर आग लावत होतं त्याच्यातच पाणी भरून दिलं.

आपल्याकडची दोन उदाहरणंही डोळ्यांसमोर ठेव. अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी, जिला २० ऑगस्ट २०२१ रोजी आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली, ही माणसांसाठी मंजूर झालेली पहिली प्लाझ्मिड लस. तिच्यात लिपिड नाहीच. सुईविना, दाबाच्या धारेने डीएनए त्वचेत सोडला जातो. आणि तुझ्यापासून फार लांब नाही अशा पुण्याच्या जेनोव्हाने आरएनएची लस लिपिडच्या नॅनोइमल्शनवर बसवली, जी साध्या फ्रिजच्या तापमानात ठेवता येते. दोन्ही ठिकाणी आधी प्रश्न वाहकाचा होता. तुझ्या विषयाला इथे मागणी आहे, फक्त तू तो 'प्लाझ्मिडचा विषय' म्हणून बघणं सोड.

ताईला सांगू नकोस की मी तुला एवढं मोठं पत्र लिहिलं. तिला वाटेल मी तुझ्या डोक्याला ताप दिला. पण हे एक कर. पुढच्या आठवड्यात प्रयोग पुन्हा लाव, पाच गट ठेवून: काहीही न घातलेला, नुसतं प्लाझ्मिड, नुसतं लिपिड, दोन्ही एकत्र, आणि डीएनेजने पचवलेलं प्लाझ्मिड लिपिडसोबत. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पेशी उठवून. सरांना दाखवण्याआधी आलेख मला पाठव, आणि खाली वाक्य लिहू नकोस. ते आपण फोनवर बोलून ठरवू.

तुझी,
मावशी